कणी ठेवा, बेरी गाळा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. डिसेंबरात ग्वाल्हेरच्या हजिऱ्याला तानसेन संगीत समारोहाच्या रात्रीच्या सभेत तुम्ही फोटो काढलेत. एपीएस-सी (फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा कॅमेरा, ५५-२५० ची झूम लेन्स, लेन्सचं तोंड एफ ५.६, शटर १/२०० सेकंद आणि आयएसओ (कमी उजेड किती वाढवून दाखवायचा तो आकडा) १२८००. रंगीत फोटो बघवेनात म्हणून ब्लॅक अँड व्हाइट केले, आणि ते एकदम आवडले. जुन्या फिल्मसारखे वाटले. मग एका ज्येष्ठांनी ऐकवलं की ही नॉइज (फोटोतली खरखर) लपवायची युक्ती आहे, आधी सॉफ्टवेअरने साफ करा आणि मग बोला. तुम्ही विचारता: हा ग्रेन, म्हणजे फिल्मसारखा कणीदारपणा, खरोखर चांगला दिसतोय की मी स्वतःची समजूत घालतोय? ठेवू की काढू? आणि आयएसओ कुठपर्यंत नेलेला चालतो?

शेवटच्या प्रश्नाला आकड्यात उत्तर नाही. तुमचा सेन्सर कोणता, फोटो केवढा छापणार, उजेड कुठल्या रंगाचा होता आणि चेहरा किती नीट एक्स्पोज झालाय, या चार गोष्टींवर ते अवलंबून आहे. माझ्याकडे आयएसओ ६४०० चे काही फोटो भिंतीवर लावलेत आणि ८०० चे काही फेकून दिलेत. पण पहिल्या दोन प्रश्नांवर बोलता येईल. ग्वाल्हेरात तीसेक वर्षं मैफलींचे फोटो काढतोय, त्यातली पहिली बारा-तेरा फिल्मवर.

आमच्या घरी लोणी कढवलं की आई तूप गाळून ठेवायची आणि सकाळी पहिल्यांदा बघायची ते कणी पडली का. कणीदार तूप म्हणजे चांगलं तूप. पण पातेल्याच्या तळाशी राहिलेली बेरी बरणीत जाऊ द्यायची नाही. (साखर घालून ती आम्ही पोरं खायचो, ते वेगळं.) तुमच्या फोटोत दोन्ही आहेत आणि तुम्ही दोन्हीला मिळून ‘नॉइज’ म्हणताय. सगळा घोटाळा तिथे आहे. बारीक, विस्कळीत, फक्त उजळ-गडद असा जो चुरा असतो ती कणी. रंगांचे डाग, आडव्या-उभ्या रेघा, ठरावीक अंतराने दिसणारी जाळी, अळ्यांसारख्या वळवळत्या आकृत्या ही बेरी. डोळा पहिलीला क्षमा करतो, दुसरीला करत नाही, कारण डोळ्याला साचा लगेच सापडतो. फोटो काळा-पांढरा केला की रंगाचे डाग दिसेनासे होतात आणि बेरी निम्मी गळून पडते. तुम्हाला झालेला आनंद खोटा नाही. पण उरलेली निम्मी अजून पातेल्यात आहे.

ती येते कुठून ते सांगतो. पावसाची पहिली सर आठवा. अंगणातल्या फरश्यांवर थेंब पडायला लागतात तेव्हा एका फरशीवर सात, शेजारच्या फरशीवर बारा. तासभर कोसळला की सगळ्या सारख्याच ओल्या. उजेडही असाच थेंबाथेंबाने येतो. सेन्सरच्या एका पिक्सेलवर सरासरी १०,००० फोटॉन (उजेडाचे कण) पडले तर त्यात साधारण १०० चा चढउतार असतो, म्हणजे १ टक्का. सरासरी १०० च पडले तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के. बरीचशी कणी ही एवढीच गोष्ट आहे. आयएसओ वाढवल्याने ती तयार होत नाही. उजेड कमी आला म्हणून तयार होते, आणि आयएसओ त्या कमी उजेडाला नुसता मोठा करून दाखवतो. त्यात कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक्सची स्वतःची खरखर मिसळते. ती जिथे उजेड सगळ्यात कमी तिथे, म्हणजे सावल्यांत, डोकं वर काढते. रेघा आणि जाळी तिथलीच.

म्हणून माझा पहिला सल्ला नॉइजबद्दल नाहीच: सावल्या उचलू नका, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये गडद भाग उजळवू नका. तुम्ही पाठवलेल्या दोन्ही फोटोंत गवयाच्या मागचा पडदा आणि तबलजीची काळी बंडी राखाडी झालीय, आणि तिथेच सगळी घाण दिसतेय. चेहऱ्यावरची कणी मात्र छान आहे. स्लायडर हाताशी असला की सावलीत काय दडलंय ते बघायचा मोह होतो. पडद्यात काही नव्हतं हो. त्याला काळा राहू द्या.

फिल्मची आठवण इथेच उपयोगी पडते. एचपी-५ या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा रोल आयएसओ ४०० चा. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे ‘इंदू’ रोल स्वस्त, ते सरावाला; एचपी-५ मैफलीला. हॉलमधल्या दोन हॅलोजनांत ४०० ने काही भागायचं नाही, म्हणून १६०० समजून काढायचा आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायचा. याला आम्ही पुश करणं म्हणायचो. पण पुश केल्याने सावल्यांत काहीही परत येत नसे. तिथे निगेटिव्हवर मुळातच काही उमटलेलं नसायचं. वर चढायचे ते फक्त मधले आणि उजळ टोन. म्हणजे प्रिंटमध्ये काळा अगदी ठार काळा आणि कणी दिसायची ती गालावर, कपाळावर, पांढऱ्या झब्ब्याच्या घड्यांत. आज आपण ‘फिल्म लूक’ म्हणून ज्याच्या मागे असतो त्यातला मोठा भाग हाच आहे. डिजिटलची सवय उलटी: कणी सावल्यांत जास्त, उजळ भागात कमी. सावल्या दाबल्या आणि चेहरा मधल्या राखाडीच्या थोडा वर ठेवला की डिजिटल फोटो आपोआप फिल्मच्या बाजूला झुकतो. कुठलाही प्रिसेट लागत नाही.

एक मूळ फरक मात्र राहतोच. फिल्ममध्ये चित्र कणांचंच बनलेलं असतं. चांदीच्या क्षारांचे स्फटिक डेव्हलप होऊन चांदी होते, तिचे पुंजके एकमेकांवर चढतात, लहान-मोठे, कुठल्याही चौकटीत न बसणारे. डिजिटलमध्ये चित्र चौकोनी जाळीवर असतं आणि नॉइज त्याच्यावर बसलेला असतो. शिवाय आपल्या नेहमीच्या कॅमेऱ्यात दर चार पिक्सेलांवर दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा फिल्टर असतो. मधले रंग शेजाऱ्यांकडून उसने घेऊन भरले जातात आणि त्या उसनवारीत एका पिक्सेलची चूक चार घरं पसरते. नॉइजचे गोळे होतात, ते असे. फिल्टरच नसलेले मोनोक्रोम सेन्सर यासाठी नावाजले जातात. लायकाने २०१२ मध्ये एम मोनोक्रोम काढला, पेंटॅक्सने २०२३ मध्ये के-३ मार्क ३ चा तसाच अवतार. त्यांची कणी एकेका पिक्सेलएवढी बारीक राहते आणि फिल्टरमध्ये अडणारा उजेडही वाचतो. एका परिचिताचा असा कॅमेरा मी दोन दिवस वापरलाय. फरक खरा आहे, आणि किंमत ऐकून मी तो परत केला तेव्हा जिना उतरताना फार सांभाळून उतरलो.

आता समजूत घालण्याबद्दल. माझाच एक किस्सा. दौलतगंजातल्या वाड्यात न्हाणीघर हीच माझी डार्करूम. डेव्हलपर २० अंशांवर हवा, आणि ग्वाल्हेरच्या जूनमध्ये गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हाताला चटका देणारं. बर्फाच्या लादीत भांडी ठेवून मी डेव्हलपर-फिक्सर थंड केले आणि एका रात्री घाईत धुण्यासाठी रोल थेट नळाखाली धरला. थंडातून एकदम गरमात. फिल्मवरचा जिलेटिनचा थर सुरकुतला. सुकल्यावर पाहिलं तर आटलेल्या तळ्याच्या तळासारखं भेगांचं जाळं, छत्तीसच्या छत्तीस फ्रेमांवर. त्यातलाच एक फोटो, एका वृद्ध सारंगीवाल्यांचा, मी नंतर हौसेखातर छापून आमच्या गणेशोत्सवातल्या छोट्या प्रदर्शनात लावला. एक पाहुणे त्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, काय पोत साधलाय, वयाच्या खुणा जणू फोटोलाही पडल्यात. मी मान डोलावली. त्या दिवसापासून पोताच्या कौतुकावर माझा पूर्ण भरवसा नाही. पोत कसलाही असो, बघणारा त्यात अर्थ शोधतोच. म्हणून मी एक सोपी परीक्षा करतो: फोटो नखाएवढा लहान करून बघायचा. त्या आकारात कणी दिसतच नाही. तरीही चेहऱ्याचा कल, हात, उजेड पकडून ठेवत असतील तर फोटो आहे. मग कणी त्याच्यावरची साय. तुमचा पहिला फोटो, तान घेताना हात वर गेलेला, या परीक्षेत पास होतो. दुसरा होत नाही. तिथे तुम्ही खरोखर समजूत घालताय.

मग कणी आवडते तरी का? जुन्या फोटोंची सवय हे एक कारण, ते नाकारू नये. पण दोन कारणं अगदी व्यवहारातली आहेत. पहिलं, बारीक कणीमुळे फोटो असतो त्यापेक्षा जास्त शार्प वाटतो. गाल, शाल, पडदा अशा सपाट जागी डोळ्याला धरायला काहीतरी मिळतं, आणि थोडं हललेलं बोटही चालून जातं. दुसरं धुक्यात कळतं. जानेवारीत पहाटे किल्ल्याखाली उभं राहून वर बघितलं की मानमंदिराच्या बुरुजांपासून खालच्या गल्लीपर्यंत राखाडीच राखाडी, एकातून दुसरी कधी झाली कळत नाही. असा फोटो मी एकदा पूर्ण गुळगुळीत केला. जेपेगमध्ये राखाडीच्या जेमतेम २५६ पायऱ्या. आकाशात त्या पायऱ्या घाटासारख्या दिसायला लागल्या. थोडी कणी परत घातली आणि धुकं पुन्हा धुकं झालं. कणीने कडा विस्कटतात, म्हणून पायरी दिसत नाही.

केवढा छापणार, हे मी सुरुवातीला म्हणालो त्याकडे येतो, कारण माझ्या मते निम्मा वाद इथे मिटतो. छायाचित्रकार लाला दीनदयाळांनी १८८० च्या दशकात आपल्या किल्ल्याचे फोटो काढले. त्यांत कणी शोधून सापडत नाही. काचेची प्लेट जेवढी, तेवढाच प्रिंट. मोठं करणं नाहीच. ३५ मिलिमीटरची फ्रेम ३६ मिलिमीटर रुंद, तिचा १२ बाय १८ इंची प्रिंट म्हणजे जवळजवळ तेरापट मोठं करणं. कणी हे त्या मोठं करण्याचं लेकरू आहे. आणि तुम्ही काय करताय? २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो साध्या फुल एचडी मॉनिटरवर १०० टक्के मोठा करून बघताय. तो अख्खा तसा पसरला तर साडेपाच फूट रुंद होईल. साडेपाच फुटी फोटो दीड फुटावरून बघून नॉइजचा निर्णय घ्यायचा, हे शामियान्याचं कापड भिंगाखाली धरून नापास करण्यासारखं आहे. ८ बाय १२ च्या प्रिंटमध्ये तोच चुरा एवढा दाटतो की दिसेल न दिसेल. म्हणून माझ्याकडे निकाल कागदावर. ठरलेल्या आकारात फोटो केवढा होणार ते धरून चेहऱ्याची फक्त ५ बाय ७ ची पट्टी कापायची, ती छापून घ्यायची आणि हातभर अंतरावरून बघायची. मॅट कागद कणी थोडी पिऊन टाकतो, ग्लॉसी दाखवतो. लॅबमध्ये सांगायला विसरू नका की मशीनचं करेक्शन आणि शार्पनिंग बंद ठेवा, नाहीतर रंगीत कागदावर काळा-पांढरा फोटो हिरवट किंवा गुलाबी होऊन येतो आणि कणीचे खडे होतात.

आता समारोहाच्या मंचाचं खास दुखणं: रंगीत एलईडी. पूर्वी पिवळा उजेड असायचा. त्यात निळा जवळजवळ नसतो, म्हणून निळ्या पिक्सेलांतला नॉइज सर्वांत वाईट. हल्ली पलटी झालीय, मागून जांभळा, बाजूने निळा. नुसता निळा उजेड पडला की चारांतला एकच पिक्सेल नीट काम करतो, बाकीचे जवळजवळ उपाशी. ब्लॅक अँड व्हाइट करताना कुठल्या रंगाचा किती वाटा घ्यायचा हे तुमच्या हातात आहे, आणि इथेच लोक चुकतात. त्वचा नाट्यमय दिसावी म्हणून निळ्याचा स्लायडर चढवतात किंवा आकाशासारखा पडदा काळा करायला खेचून खाली नेतात आणि उपाशी चॅनेलमधली, म्हणजे उजेड न मिळालेल्या रंगाच्या थरातली, सगळी खरखर वर येते. मी आधी तिन्ही चॅनेल वेगवेगळे उघडून बघतो. ज्यात चेहरा सगळ्यात स्वच्छ, त्याच्यावर फोटो उभा करतो. पिवळ्या उजेडात बहुतेक वेळा लाल आणि हिरवा. जांभळ्यात लाल चॅनेल फाटलेला असतो, म्हणजे गाल सपाट पांढरा, तेव्हा हिरवा. खरबरीत असला तरी त्यात चेहऱ्याचे उंचसखल भाग असतात. तुमच्या ज्येष्ठांना हे सांगा: मैफलीचा फोटो काळा-पांढरा करणं हे पुष्कळदा नॉइज लपवणं नसतं, जांभळ्या गवयाला माणसात आणणं असतं.

याच मंचावर दुसरी फसगत सायलेंट शटरची. आलापीत क्लिक झालं की पुढच्या रांगेतले वळून बघतात, म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावावंसं वाटतं. हा शटर सेन्सर ओळीओळीने वाचतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डिमर लावलेल्यांचा ताल आणखी निराळा; परिणाम म्हणजे फोटोभर आडवे पट्टे. ही अस्सल बेरी, कुठल्याही गाळणीतून न जाणारी. मी आलापीत कॅमेरा मांडीवर ठेवतो आणि ऐकतो. तबला सुरू झाला की मेकॅनिकल शटर, १/१०० च्या आसपास, गाणाऱ्यांसाठी पुरतो. सतारीचा उजवा हात थांबवायचा तर १/२५० लागतो, पण तो हात थोडा वाहिलेलाच मला जास्त आवडतो. तुमचा १/२०० गाणाऱ्यासाठी उधळपट्टी होती. तिथे एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, वाचला असता.

साफ करण्याचं सॉफ्टवेअर वापरावं का? रंगाचा नॉइज पूर्ण काढा, ब्लॅक अँड व्हाइट करण्याआधी, बिनदिक्कत. उजळ-गडद नॉइजला मी हात लावत नाही किंवा स्लायडर १०-१५ वर थांबवतो. नवी एआयवाली साधनं कणी काढतात आणि तिच्या जागी त्यांच्या मते जे असावं ते भरतात. एका गायिकेच्या पैठणीच्या काठावर मला तिच्या साडीत नसलेली नक्षी मिळालीय, आणि एका पंडितजींच्या दाढीचा ब्रश झाला. फारच गरज पडली तर साफ केलेला थर मूळ फोटोवर ठेवून तो ३०-४० टक्केच दिसू देतो. आणि साफ करून मग वरून ग्रेन घालणं? मला त्यात काही गैर वाटत नाही. वरून फोडणी घातली म्हणून वरण खोटं होत नाही. फक्त ती शेवटी घाला, फोटो ज्या आकारात जाणार त्या आकारात केल्यावर. आधी ग्रेन घालून मग लहान केला तर ग्रेन विरघळतो. व्हॉट्सॲपवर तर तो दाबताना चौकोनी ठिकऱ्या होतात, म्हणून तिकडे पाठवायचा फोटो मी जवळजवळ गुळगुळीत ठेवतो.

आणि कुठे ठेवू नये, तेही सांगतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका लग्नाच्या अल्बममध्ये मी हौसेने चार पानं कणीदार केली. वरमाईंनी पान उलटलं, पुन्हा मागे आल्या आणि विचारलं, “सुनेच्या चेहऱ्यावर रवा का सांडलाय?” चारही पानं स्वखर्चाने बदलून दिली. लहान मुलं, दागिने, कागदपत्रं, आणि ज्यांनी पैसे दिलेत ती माणसं, यांना कणी विचारून लावावी.

सामान बदलायचंच असेल तर मोनोक्रोम कॅमेरा किंवा फुल फ्रेमकडे (३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याकडे) बघू नका. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ तुमच्या सेन्सरच्या दुपटीहून थोडंच जास्त, म्हणजे फायदा एका स्टॉपच्या जरा वर. एफ १.८ ची ८५ ची लेन्स तुमच्या एफ ५.६ पेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत घेते, तोही आहे त्याच कॅमेऱ्यात. तोच फोटो १२८०० ऐवजी साधारण १२५० वर आला असता. झूम नसल्याने पुढे बसावं लागेल, त्यासाठी संध्याकाळी लवकर जा. आणि त्या वर गेलेल्या हाताची पट्टी छापून घ्या, पडदा काळा करून. छापली की कुठल्या कागदावर घेतली तेवढं कळवा.